लक्ष कुठे असतं तुझं?

मैत्रिणींनो, आपल्या भाषेतली एक गंमत तुमच्या ध्यानात आली आहे का? विसरणाऱ्या पुरुषाला आपण ‘विसरभोळा’ म्हणतो. त्यात थोडं कौतुकच असतं. विसरभोळ्या प्रोफेसरांचे विनोद आपण चवीनं वाचतो आणि मुलांना सांगतोही. पण तोच विसर बाईच्या हातून झाला की शब्द बदलतात. मग ती वेंधळी, धांदरट, बेफिकीर! आणि पाठोपाठ तो ठरलेला प्रश्न येतो, “अगं, लक्ष कुठे असतं तुझं?”

या प्रश्नाचं उत्तर बहुतेकींना देता येत नाही. आपण मुकाट्यानं ओटा पुसतो आणि मनात म्हणतो, ‘आपलंच चुकलं. उद्यापासून नीट लक्ष द्यायचं.’ उद्याही तेच होतं. अलीकडे मात्र या प्रश्नावर उत्तर विकायला बसलेलं कुणीतरी आपल्या हातातल्या फोनमध्येच दिसू लागलं आहे. ‘रोज पंधरा मिनिटं हा खेळ खेळा, एकाग्रता वाढवा’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. हे काय प्रकरण आहे, त्यात तथ्य किती आणि त्यासाठी पैसे मोजावेत का, हे आज जरा निवांतपणे पाहू या.

नुसता विसर की आणखी काही?

चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात कचरा न्यायला बेल वाजली. दार उघडलं तर जिन्यात शेजारीण भेटली. आत येताना दोरीवरचे कपडे दिसले, ते काढता काढता इस्त्रीवाल्याची आठवण झाली आणि भांडं करपल्याच्या वासानं आपण भानावर आलो. असं कधीमधी कुणाचंही होतं. डोंबिवलीसारख्या गावात तर दिवसच लोकलच्या घड्याळावर बांधलेला. पहाटे उठून डबे, पाणी, मुलांची शाळा आणि मग स्टेशनची धावपळ. त्यात एखादी गोष्ट निसटली, तर तो आजार नव्हे, माणूसपण आहे.

पण काही जणींचं असं रोज होतं, आणि आजकालचं नव्हे, लहानपणापासूनचं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा असे, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ आता पैसे हाताशी असूनही विजेच्या बिलाची तारीख उलटते आणि दंड बसतो. लोकलचा पास संपल्याचं टी.सी.नं हटकल्यावर कळतं. कपाट आवरायला काढलं की आठवडाभर पसारा तसाच पडून राहतो. समोरचं माणूस बोलत असतं, आपण मान हलवत असतो आणि शेवटचं वाक्य तेवढं ऐकलेलं असतं. एखादं आवडीचं काम हाती आलं, तर मात्र जेवणखाण विसरून तीन तास त्यात बुडून जायला होतं. त्यामुळे घरच्यांना वाटतं, ‘हिला लक्ष देता येतं, ही मुद्दामच देत नाही.’

याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. ‘अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, थोडक्यात एडीएचडी. लक्ष टिकवणं, आवरणं आणि योग्य वेळी योग्य ठिकाणी वळवणं, याचा मेंदूतला कारभार इतरांपेक्षा वेगळा चालतो. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ सालीच अशा मुलांचं वर्णन केलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात १९८० साली ‘लक्ष’ हा शब्द या दोषाच्या नावात आला. तरीही बरीच वर्षं हा मुलांचा, त्यातही दंगेखोर मुलग्यांचा दोष मानला गेला. खिडकीबाहेर बघत शांत बसलेल्या मुलीकडे कोण कशाला पाहतं? ती कुणाला त्रास देत नाही. म्हणून ती तशीच मोठी होते, तिचं लग्न होतं, आणि संसाराच्या शंभर कामांचा भार पडल्यावर तोवर कसाबसा सांभाळलेला तोल जातो.

मोठ्या माणसांमध्ये शंभरात साधारण दोन-तीन जणांना हा त्रास असतो. हा दोष घराण्यात उतरतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून त्यात अनुवंशाचा वाटा सुमारे ७४ टक्के निघाला आहे. त्यामुळे अनेकदा घडतं असं, की मुलाला तपासायला नेलेली आई डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता मनातल्या मनात स्वतःची उत्तरं देऊ लागते!

फोनमधली शिकवणी

आता त्या खेळांकडे वळू या. व्यायामानं दंड कमावतात, तसा सरावानं मेंदू कमावता येईल, ही त्यामागची कल्पना. कल्पना टाकाऊ नव्हती. कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात अ‍ॅडम गॅझली या शास्त्रज्ञानं वृद्धांसाठी गाडी चालवण्याचा एक खेळ तयार केला होता. वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि मध्येच येणाऱ्या खुणांपैकी ठरावीक खुणेलाच बटण दाबायचं. एका हातानं पोळी भाजत दुसऱ्या गॅसवरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजण्यासारखंच म्हणा ना! त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच धर्तीवर ‘एन्डेव्हरआरएक्स’ हा खेळ निघाला, आणि जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं आठ ते बारा वर्षांच्या एडीएचडी असलेल्या मुलांसाठी त्याला परवानगी दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारा तो पहिलाच व्हिडिओ गेम. त्याची मोठ्या माणसांसाठीची आवृत्ती ‘एन्डेव्हर ओटीसी’ २०२३ साली आली आणि २०२४ साली तिलाही चिठ्ठीविना विक्रीची परवानगी मिळाली.

‘सरकारी परवानगी आहे, म्हणजे गुणकारी असणारच’ असं वाटतं ना? इथेच जरा थांबा. परवानगी कशासाठी मिळाली ते महत्त्वाचं आहे.

मुलांच्या खेळाची जी मुख्य चाचणी झाली, तीत ३४८ मुलं होती. निम्म्यांना हा खेळ दिला, बाकीच्यांना शब्द जुळवण्याचा साधा खेळ दिला. रोज पंचवीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, असे चार आठवडे. शेवटी संगणकावर लक्षाची परीक्षा घेतली. पहिल्या गटाला त्या परीक्षेत जास्त गुण मिळाले. पण ‘घरी काही फरक पडला का?’ असं आईवडिलांना विचारल्यावर दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये सारखीच सुधारणा दिसली! म्हणजे शब्द जुळवणाऱ्या मुलांच्या आयांनाही तेवढंच बरं वाटलं होतं. मोठ्यांच्या आवृत्तीची चाचणी २२१ जणांवर सहा आठवडे झाली. तीत तर तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. तिथेही गुण वाढले, पण खेळामुळे किती, सरावामुळे किती आणि आशेमुळे किती, हे वेगळं काढायचं कसं?

सुईत दोरा ओवला, पण शिवण?

यातली मेख साधी आहे. रोज सुईत दोरा ओवण्याचा सराव केला, तर महिन्याभरात आपण डोळे मिटून दोरा ओवू लागू. म्हणून ब्लाउज बेतता येईल का? ज्याचा सराव केला ते सुधारतं, पण ती सुधारणा दुसऱ्या कामात उतरेलच असं नाही.

हे फार मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.च्या मदतीनं ११,४३० माणसांनी सहा आठवडे बुद्धीचे खेळ खेळून पाहिले. २०१० साली निकाल आला. सगळे जण त्या त्या खेळात तरबेज झाले, पण न शिकवलेल्या, अगदी जवळच्या कामातही त्याचा उपयोग दिसला नाही. एडीएचडीपुरतं बोलायचं, तर २०२३ साली संशोधकांनी संगणकावरच्या अशा शिकवणीच्या ३६ चाचण्या एकत्र मांडल्या. लाभ इतका थोडा निघाला की केवळ या शिकवणीवर उपचार म्हणून विसंबावं, असं त्यांना म्हणता आलं नाही.

आणि जाहिरातींचं काय? ‘ल्युमॉसिटी’ या जगभर खपलेल्या मेंदूच्या खेळावर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फसव्या जाहिरातींबद्दल कारवाई केली. त्या जाहिरातींत एडीएचडीचं नावही होतं. २०१६ साली कंपनीनं २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

म्हणून खेळ वाईट असं मी म्हणत नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतच्या प्रवासात बसायला जागा मिळाली, तर जरूर खेळा. काहींना डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड एवढाच त्रास होतो. पण खेळात पुढच्या पायरीवर गेलं म्हणून उद्याचं बिल वेळेवर भरलं जाईल, ही अपेक्षा ठेवू नका. आणि तसं झालं नाही म्हणून ‘साधा खेळसुद्धा मला सुधारू शकला नाही’ असा नवा बोल स्वतःला मुळीच लावू नका. खरं नुकसान तिथे आहे.

मग करायचं काय?

पहिली पायरी म्हणजे तपासणी. इंटरनेटवरच्या दहा प्रश्नांनी निदान होत नसतं. मोठ्या माणसाचं निदान करताना मानसोपचारतज्ज्ञ चार गोष्टी पाहतात. लक्ष न लागण्याची किंवा चंचलपणाची ठरावीक नऊ लक्षणं असतात, त्यांपैकी निदान पाच आहेत का? ती सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकली आहेत का? त्यांतली काही वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसत होती का? आणि घर, नोकरी, नातीगोती अशा एकाहून अधिक ठिकाणी त्यांचा त्रास होतो का? माहेरी कुठे जुनी प्रगतिपुस्तकं ठेवलेली असतील तर शोधून घेऊन जा. आईला किंवा मोठ्या बहिणीला सोबत नेता आलं तर फारच छान.

त्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. रक्त कमी असेल, थायरॉइड मंदावलं असेल, झोप पाच तासांचीच होत असेल, मन उदास किंवा धास्तावलेलं असेल, तरीही डोकं असंच धुकट होतं. पाळी जायच्या सुमारास तर पुष्कळ जणींना शब्द आठवत नाहीत आणि लक्ष टिकत नाही. विसराळूपणा चाळिशीनंतरच सुरू झाला असेल, तर कारण बहुधा दुसरं असतं आणि त्याचा उपायही दुसरा असतो.

कुठे जायचं? आपल्याकडे सोय दूर नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली आय.पी.एच., ही संस्था आहे. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालापासूनचं. नाव ऐकून दचकू नका, तिथल्या बाह्यरुग्ण विभागात तपासून घेऊन लोक घरी जातात. आणि घराबाहेर पडणं अवघड असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत आणि सेवा चोवीस तास असते.

निदान पक्कं झालं तर औषधं आहेत. मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही त्यांतली दोन. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच आणि रक्तदाब, नाडी तपासत घ्यायची. दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. मेथिलफेनिडेटची एक गोष्ट सांगते. १९४४ साली ते तयार करणाऱ्या स्वित्झर्लंडमधल्या लिआंद्रो पानिझॉन यांच्या पत्नीचं नाव होतं मार्गरीट, लाडानं रीटा. टेनिस खेळण्याआधी त्या ते घेत असत म्हणे, आणि त्यांच्याच नावावरून औषधाचं नाव पडलं ‘रिटालिन’!

डोक्यातलं ओझं भिंतीवर टांगा

औषधाच्या जोडीला काय करायचं, याचं उत्तर मोठं घरगुती आहे. मेरी सोलान्टो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एडीएचडी असलेल्या ८८ प्रौढांवर एक प्रयोग केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला बारा आठवडे वही कशी ठेवायची, कामाचे तुकडे कसे पाडायचे, वेळेचा अंदाज कसा घ्यायचा हे शिकवलं. दुसऱ्या गटाला नुसता धीर आणि आधार दिला. वहीवाल्यांची सुधारणा जास्त निघाली. रसेल बार्कली हे दुसरे तज्ज्ञही हेच सांगत आले आहेत. आठवण डोक्यात साठवू नका. जिथे काम करायचं तिथेच, डोळ्यांना दिसेल अशी ठेवा.

हे आपल्याला नवं आहे का? भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे कोण लिहितं? आपणच ना! दूध उतू जातं म्हणून शिट्टीचा दुधाचा कुकर आपल्या आयांनी घरोघर आणला, तो काय होता? बाईनं गॅसपाशी खिळून राहण्याऐवजी पहारा भांड्याकडे सोपवला. कुणी म्हटलं नाही, की आधी एकाग्रता वाढव आणि मग दूध तापव. हीच युक्ती आता घरभर पसरायची.

एक वही करा. एकच! गाद्यांखाली चार चिठ्ठ्या आणि फोनमध्ये तीन याद्या नकोत. वही ओट्याजवळ दोरीनं बांधून ठेवा. सकाळी चहाबरोबर आणि रात्री जेवण झाल्यावर उघडायची, हा नेम.

किल्ल्या, चष्मा, पास यांची जागा दारामागच्या खुंटीवर. घरात पाऊल टाकताच आधी खुंटी, मग पाण्याचा पेला.

गॅस पेटवला की त्याच क्षणी फोनमधला गजर लावा, आणि दारावर बेल वाजली तर फोन हातात घेऊनच दार उघडा.

‘कपाट आवरणे’ असं वहीत लिहू नका. ‘वरचा एक कप्पा, वीस मिनिटं’ असं लिहा. मोठं काम दिसलं की असं मन पळ काढतं, छोट्या कामाला ते राजी होतं.

वीजबिलासारखी नेमाची देणी बँकेतून परस्पर जातील अशी सोय करा. लक्षात ठेवण्याची एक गोष्ट कमी झाली.

आणि कंटाळवाणं काम सोबतीनं करा. पापड लाटायला, गहू निवडायला आपल्या आज्या एकत्र बसत ते उगाच नव्हे. शेजारी कुणी नुसतं भाजी निवडत बसलेलं असलं, तरी कागदपत्रं लावायचं आपलं काम पार पडतं. अनेकींना याचा उपयोग होतो.

अ‍ॅप घ्यायचंच असेल तर

एक फरक ध्यानात ठेवा. काही अ‍ॅप शिकवणी घेणारी असतात, काही पहारा ठेवणारी. गजर, दिनदर्शिका, याद्या ही पहारेकरी मंडळी तुमच्या फोनमध्ये फुकट बसलेलीच आहेत. आधी त्यांना कामाला लावा.

शिकवणीचं अ‍ॅप घेताना तीन प्रश्न विचारा. कुणावर तपासलं? कुणाशी तुलना करून? आणि सुधारलं काय, खेळातले गुण की रोजचं काम? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर धड मिळालं नाही, तर पैसे जपून ठेवा.

‘सात दिवस मोफत’ हा मात्र विसराळू माणसासाठी खास सापळा! आठव्या दिवशी पैसे आपोआप कापायला सुरुवात होते. नुसतं अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणून वर्गणी थांबत नाही, ती वेगळी रद्द करावी लागते. यूपीआयनं पैसे भरले असतील तर तिथल्या ‘ऑटोपे’ या विभागात जाऊन पाहा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तेव्हा ते संदेश न वाचता पुसू नका. सगळ्यांत उत्तम म्हणजे नाव नोंदवतानाच सहाव्या दिवसाचा गजर लावून टाका.

आणि घरच्यांना दोन शब्द

हा अंक घरातले पुरुषही चाळतात, म्हणून त्यांनाही सांगते. अहो, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ या प्रश्नानं आजवर कुणाचं लक्ष जाग्यावर आलेलं नाही. त्याऐवजी ‘वहीत लिहिलंस का?’ असं विचारा, किंवा वीजबिलाचं काम स्वतःकडे घ्या. सासूबाईंनाही सांगायला हवं, की हा आळस नाही आणि माहेरचं वळणही नाही. चष्मा लागलेल्या सुनेला आपण ‘डोळे ताणून बघ’ म्हणत नाही, तसंच हे.

मैत्रिणींनो, यांतलं पुष्कळसं तुम्हाला स्वतःचंच वाटलं असेल, तर या आठवड्यात दोनच गोष्टी करा. एक वही आणा, आणि तिच्या पहिल्या पानावर डॉक्टरांकडे जायची तारीख लिहा. वर्षानुवर्षं ऐकलेली ती विशेषणं मात्र त्या वहीत उतरवायची नाहीत, बरं का!